सॉफ्टनर आणि आयर्न फिल्टरची ड्रेन लाइन थंडीत गोठू नये म्हणून काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या पश्चिमेला, गावाबाहेर एका कुटुंबाने घर घेतलं आहे. पाणी स्वतःच्या बोअरचं, सांडपाणी सेप्टिकला. बेसमेंटमध्ये पाण्यातलं लोखंड काढणारा आयर्न फिल्टर आणि त्याच्या पुढे जड पाणी मृदू करणारा सॉफ्टनर. दोघांच्या ड्रेन एकाच अर्ध्या इंची काळ्या नळीत जोडून ती नळी भिंतीतून मागच्या अंगणात काढली आहे. गेल्या जानेवारीत एका सकाळी मिठाची टाकी काठोकाठ भरलेली दिसली, खाली जमिनीवर पाणी, आणि नळाला पुन्हा जड पाणी. प्लंबर म्हणतो हीट टेप (पाइपला लावायची विजेवर तापणारी पट्टी) लावा, शेजारी म्हणतो सगळं सेप्टिकला जोडून टाका. शिवाय डिसेंबरात चार आठवडे घर बंद ठेवून भारतात जायचं आहे.

मी याच भागात ही यंत्रं बसवण्या-दुरुस्तीचं काम करतो. जानेवारी-फेब्रुवारीत हीच तक्रार सतत येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्लंबर आणि शेजारी दोघांचेही उपाय मी पहिल्या क्रमांकावर ठेवणार नाही. नळी थंडीने गोठते असं आपण म्हणतो, पण गोठतं ते तिच्यात राहिलेलं पाणी. ३० जानेवारी २०१९ ला मिनियापोलिसचा पारा उणे २८ फॅरनहाइट, म्हणजे उणे ३३ सेल्सियसपर्यंत उतरला होता. तशा रात्रीसुद्धा रिकाम्या नळीला काही होत नाही. तेव्हा काम झाल्यावर नळी पूर्ण रिकामी होते का, आणि काम चालू असताना पाणी जोरात जातं की थेंबथेंब, हे दोन प्रश्न सुटले की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं.

रात्री नेमकं काय घडतं ते बघा. सॉफ्टनर रिजनरेशनला, म्हणजे मिठाच्या पाण्याने स्वतःला पुन्हा ताजं करायला लागला की आधी बॅकवॉश, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून आतला थर धुणं. १० इंची टाकी असेल तर मिनिटाला अडीच गॅलनच्या आसपास, म्हणजे नऊ-दहा लिटर पाणी बाहेर जातं. बोअरचं पाणी आपल्याकडे हिवाळ्यातही साधारण ८ ते १० अंश सेल्सियस असतं, त्यामुळे या वेगाने जाताना ते चार-पाच मीटर उघड्या नळीत गोठत नाही. (मिसिसिपीचं पाणी पुरवणाऱ्या मिनियापोलिस शहरात जानेवारीत नळाचं पाणी शून्याच्या जवळ येतं, तिथे ही सवलत नाही. पण ते शहर केंद्रावरच चुन्याने पाणी मृदू करून देतं, त्यामुळे तिथे सॉफ्टनर मुळात कमी.) बॅकवॉशनंतर मिठाचं पाणी ओढण्याचा आणि सावकाश धुण्याचा टप्पा येतो. तो तासभर चालतो आणि त्यात मिनिटाला अर्धा गॅलन किंवा त्याहूनही कमी पाणी जातं. अर्ध्या इंची नळीत ही नुसती बारीक धार असते. बहुतेक यंत्रांची वेळ कारखान्यातूनच रात्री दोनची लावलेली असते, म्हणजे ही धार पहाटेच्या सगळ्यात थंड वेळेकडे सरकत असते.

मीठ आहे मग गोठणार कसं, असं बरेच जण विचारतात. २३ टक्के मिठाचं पाणी उणे २१ सेल्सियसपर्यंत तग धरतं हे खरं. पण ड्रेनमधून येतं ते पातळ झालेलं पाणी, जे शून्याच्या खाली थोडेच अंश टिकतं. आणि शेवटी जलद धुण्याचा टप्पा असतो, त्यामुळे नळीत मागे राहतं ते साधं पाणी.

ते मागे राहतंच का? रिजनरेशन संपलं की सॉफ्टनरच्या डोक्यावरचा व्हॉल्व्ह ड्रेनचं तोंड बंद करतो. आता नळीचं वरचं टोक बंद, खालचं उघडं. शहाळ्यात स्ट्रॉ बुडवून वरच्या टोकावर बोट ठेवलं की स्ट्रॉमधलं पाणी पडत नाही, तसंच इथे होतं. अर्ध्या इंची नळीला वरून हवा मिळाली नाही तर पाणी तिच्यात अडकून बसतं, विशेषतः नळीला कुठे झोळ पडला असेल तर. दीड किंवा दोन इंची पाइपमध्ये खालच्या तोंडातूनच हवा आत शिरते आणि पाणी निघून जातं. म्हणून माझा पहिला नियम: बारीक नळी भिंतीबाहेर काढायचीच नाही. ती बेसमेंटमध्येच, भिंतीच्या अलीकडे संपवा, उभ्या दोन इंची पीव्हीसी पाइपच्या तोंडावर, मध्ये निदान दीड इंचाचं मोकळं अंतर ठेवून. या अंतराला इकडे एअर गॅप म्हणतात. घाण पाणी उलटं ओढलं जाऊन पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून तो कायद्यानेही लागतो, आणि आपल्या कामासाठी तो नळीला वरून हवा देतो. तिथून पुढे दोन इंची पाइप, फुटामागे निदान पाव इंच उतार, भिंतीनंतर त्याहून जास्त. बाहेर एल्बो (वळणाचे जोड) कमीत कमी ठेवा आणि पाणी धरून ठेवणारा ट्रॅप अजिबात नको.

या रचनेत एक जोखीम आहे ती सांगायला हवी. बाहेरचं तोंड कधी बर्फाने बंद झालंच, तर पाणी एअर गॅपमधून बेसमेंटमध्ये सांडेल. म्हणून तो उभा पाइप फ्लोअर ड्रेनजवळ घ्या आणि जमिनीवर पाण्याची सूचना देणारा सेन्सर ठेवा. शिवाय बाहेर, भिंतीला लागूनच पाइपला खालच्या बाजूने एक टी जोडून तिचं तोंड उघडं ठेवलं, तर पुढचा भाग बंद पडला तरी पाणी तिथून पडतं आणि घरात येत नाही.

बाहेरच्या टोकाबद्दल थोडं. बर्फाची बूच बहुतेक वेळा तिथेच बसायला सुरुवात होते. शेवटचे थेंब ओठावर गोठतात, पुढच्या वेळी त्यावर आणखी थर चढतो. खाली पडलेलं पाणी गोठून जमिनीवरून बर्फाचा ढीग वर येतो आणि तोंडाला भिडतो. म्हणून टोक तिरकं कापा आणि जमिनीपासून दीड-दोन फूट वर ठेवा. दक्षिणेची किंवा पश्चिमेची भिंत मिळाली तर उत्तम. छपराचा बर्फ घसरून जिथे पडतो ती जागा टाळा. आणि ते पाणी चालण्याच्या वाटेवर जाणार नाही हे बघा, कारण तिथे जो काचेसारखा थर होतो त्यावर माणसं पडतात.

आता अशी गोष्ट, जी फोनवर जवळपास कोणीच सांगत नाही, कारण ती कुणाच्या लक्षातच आलेली नसते: गळका व्हॉल्व्ह. सॉफ्टनरच्या डोक्यात पिस्टन आणि रबरी सील असतात. लोखंडाच्या कणांनी ते झिजले की रिजनरेशन चालू नसतानाही ड्रेनमधून थेंबथेंब पाणी जात राहतं. उन्हाळ्यात हे कळत नाही. हिवाळ्यात तोच थेंब दिवसभर नळीत थर चढवत राहतो आणि रात्री दोनला बॅकवॉश सुरू होतो तेव्हा नळी आधीच बंद असते. तपासणी सोपी आहे. ऑक्टोबरात एखाद्या दुपारी, यंत्र शांत असताना, नळीचं टोक कोरड्या बादलीत सोडा, नळीत राहिलेलं पाणी निथळू द्या, बादली पुसून पुन्हा लावा. तासाभराने बघा. तळ कोरडा हवा. तळाशी पाणी असेल, आणि त्यात तांबूस गाळ असेल तर नक्कीच, सील बदलायची वेळ झाली आहे. सील आणि पिस्टन बदलणं हे पूर्ण यंत्र बदलण्याच्या मानाने किरकोळ खर्चाचं काम आहे. नळी गोठल्याच्या तक्रारीवर मी गेलो की बाहेर जाण्याआधी हेच तपासतो.

तुमच्या घराबद्दल माझं स्पष्ट मत: दोन यंत्रांच्या ड्रेन वेगळ्या करा. एकाच अर्ध्या इंची नळीत दोन्ही जोडणं चूक आहे. एकाचं पाणी दुसऱ्यात ढकललं जाऊ शकतं. शिवाय १० इंची आयर्न फिल्टरला बॅकवॉशसाठी मिनिटाला पाच ते सात गॅलन लागतात. लांब अर्ध्या इंची नळीतून तेवढं पाणी जात नाही, आतला थर नीट उचलला जात नाही, लोखंड आत साचत जातं. त्याला पाऊण इंचाची नळी द्या.

वेगळ्या करण्याचं दुसरं कारण म्हणजे दोघांचं पाणी वेगळं आहे. आयर्न फिल्टरचं पाणी तांबूस असलं तरी त्यात मीठ नसतं. ते वर सांगितलेल्या दोन इंची पाइपने अंगणात सोडायला हरकत नाही. आणि ते जोरात येतं, म्हणून गोठण्याची भीतीही कमी. फक्त तुमचा फिल्टर हवा ओढणाऱ्या प्रकारचा असेल, तर त्याच्या चक्रात हवा भरून घेण्याचा एक संथ टप्पा असतो, त्यात अर्धा तास तरी बारीक धार चालते. पुस्तिकेत टप्प्यांचा क्रम बघा. त्यात हा टप्पा असेल तर बाहेरच्या पाइपला उतार आणखी द्या.

सॉफ्टनरचं खारं पाणी मात्र अंगणात सोडू नका, गोठो न गोठो. गवत जळतं, सोडियममुळे चिकणमाती घट्ट होऊन पाणी मुरेनासं होतं, आणि ते मीठ शेवटी भूजलात आणि तळ्यात जातं. तुमचा बोअर त्याच अंगणात आहे. मिनेसोटाचं प्रदूषण नियंत्रण खातं लोकांना सांगतं की एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी कायमचं खराब करायला पुरतं. मिठातलं क्लोराइड पाण्यात एकदा गेलं की काढायचा परवडणारा मार्ग नाही. हा मुद्दा मी प्रत्येक घरी आवर्जून बोलतो, कारण आपण सगळेच या तळ्यांच्या काठी राहायला आलो आहोत.

मग सॉफ्टनर जोडायचा कुठे? शहराची ड्रेनेज असेल तर प्रश्नच नाही: वॉशिंग मशीनचा स्टँडपाइप, मध्ये एअर गॅप, विषय संपला. सेप्टिक असेल तर वाद आहे. माझं मत असं की पाण्याच्या वापरावर चालणारा, जडपणा मोजून नीट लावलेला सॉफ्टनर सेप्टिकला चालतो, पण आधी काउंटीच्या कार्यालयात विचारा, कारण नियम जागोजागी वेगळे आहेत. घड्याळावर चालणारा जुना सॉफ्टनर, जो गरज असो नसो दर तीन दिवसांनी मीठ ओततो, तो सेप्टिकला लावू नका. आधी तो बदला. आयर्न फिल्टर तर सेप्टिकला नकोच. वारंवार येणारं भरपूर पाणी आणि लोखंडाचा गाळ टाकीत कशाला?

सेप्टिकचा आणखी एक धोका शेजाऱ्यांना बहुधा माहीत नसेल. बारीक धार सेप्टिककडे जाणारा पाइपही गोठवू शकते. मिनेसोटा विद्यापीठाचे सेप्टिकवर काम करणारे लोक गळक्या टॉयलेटबद्दल आणि जास्त कार्यक्षम फर्नेसच्या, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या, थेंबांबद्दल हेच सांगत आले आहेत. फर्नेसचं पाणी दिवसभर थेंबथेंब जातं आणि जमिनीतल्या पाइपच्या तळाशी थरावर थर चढतो. त्यावरचा उपाय मला फार आवडतो, आणि तो सॉफ्टनरलाही तसाच लागू पडतो: थेंब एका छोट्या बंद टाकीत साठू द्यायचे आणि टाकी भरली की पंपाने एकदम ढकलायचे. सॉफ्टनरची तासभराची बारीक धार अशा टाकीत पडली की ती चार-पाच बादल्यांच्या जोरदार फेकींमध्ये बदलते. प्रत्येक फेक काही सेकंदांत पाइपमधून निघून जाते आणि मागे काही उरत नाही. पंप खाऱ्या पाण्याला चालणारा, प्लास्टिकच्या अंगाचा घ्या. चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा) पंपाजवळच, बेसमेंटच्या उबेत ठेवा, म्हणजे अडलेलं पाणी उबदार उभ्या पाइपमध्येच राहील. सॉफ्टनरचं पाणी संपच्या खड्ड्यात, म्हणजे बेसमेंटमध्ये झिरपलेलं पाणी जमा होतं त्या खड्ड्यात, मात्र सोडू नका. तो पंप शेवटी अंगणातच फेकतो, मीठ पंपाला खातं, आणि संपची बाहेरची नळी गोठली तर बर्फ वितळायच्या दिवसांत बेसमेंट पाण्याखाली जातं.

जमिनीखालून नेण्याचा विचार करत असाल तर आपल्या राज्यात पायाची किमान खोली दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच धरतात, त्यावरून दंव किती खोल जातं याचा अंदाज घ्या. बर्फ काढलेल्या ड्राइव्हवेखाली ते आणखी खोल जातं, कारण बर्फाची दुलई नसते. एवढी खोली सगळीकडे मिळत नाही. मग पाइपच्या वर दोन इंची कडक फोमच्या पाट्या आडव्या टाकतात. माझ्या मते तुमच्या घराला हा खर्च करायची गरज नाही.

हीट टेपबद्दल. भिंतीतून बाहेर पडणाऱ्या छोट्या तुकड्यासाठी, बाकी सगळं नीट केल्यावर, जादा सुरक्षा म्हणून ती ठीक आहे. स्वतः तापमान ओळखून कमी-जास्त तापणारी घ्या, प्लास्टिकच्या पाइपला चालते असं तिच्यावर लिहिलेलं हवं, जीएफसीआय प्लगवर (वीज गळली की आपोआप बंद होणाऱ्या) लावा. साधी, एकसारखी तापणारी टेप स्वतःवरच गुंडाळली गेली तर आग लागते, त्यामुळे जुनी टेप असेल तर काढून टाका. आणि वीज गेली की तिचा काही उपयोग नाही. वीज बहुधा वादळाच्याच रात्री जाते.

इन्सुलेशनचंही तसंच. ते थंडी उशिरा पोचवतं, पण पाणी साचलेली नळी शेवटी गोठतेच. एक चूक सर्रास दिसते: जिथे पाइप भिंतीतून जातो त्या रिम जॉइस्टच्या (पायाच्या भिंतीवर कडेने बसवलेल्या लाकडी तुळईच्या) कप्प्यात लोक पाइपच्या आतल्या, उबदार बाजूलाच जाड फायबरग्लास कोंबतात. त्याने पाइप घराच्या उबेपासून तुटतो आणि बाहेरच्या थंडीत एकटा पडतो. फोम पाइपच्या बाहेरच्या बाजूला आणि भोकाभोवती भरा, आतली बाजू मोकळी ठेवा. भोकातून येणारा वारा बंद झाला की फरक लगेच जाणवतो.

एक फुकटचा उपाय आजच करा. यंत्राची रिजनरेशनची वेळ रात्री दोनवरून दुपारी एक-दीडवर आणा. दोन्ही यंत्रांमध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेवा, आयर्न फिल्टर आधी. त्या वेळेत घरात जड पाणी येईल, म्हणून तेव्हा कपडे धुवायला लावू नका. एवढ्याने दुपार आणि पहाटेमधला दहा-पंधरा अंश फॅरनहाइटचा फरक तुमच्या बाजूने येतो.

स्वयंपाकघरातल्या आरओबद्दल प्रश्नात काही नाही, पण सांगून ठेवतो. पुण्या-मुंबईत आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून भांड्यांना, फरशीला वापरायची चांगली सवय अनेक घरांत आहे. तीच सवय धरून इथे काही जण ती पाव इंची नळी खिडकीतून झाडांकडे सोडतात. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ती आत घ्या. तिच्यातून कायम बारीक धारच असते, ती पहिल्याच कडाक्यात बंद होते, आणि मग मेम्ब्रेनवरून क्षार वाहून न गेल्याने पिण्याच्या पाण्यात ते वाढतात.

यंदा नळी पुन्हा गोठलीच तर आधी दोन्ही यंत्रं बायपासवर टाका, म्हणजे पाणी त्यांना वळसा घालून जाईल. ड्रेन बंद असताना रिजनरेशन चालू राहिलं, तर मीठ ओढायच्या टप्प्यात पाणी ड्रेनकडे जाऊ न शकल्याने उलट मिठाच्या टाकीत शिरतं. तुमची टाकी काठोकाठ भरली ती अशीच. टाकीतला सुरक्षा फ्लोट (पाणी ठरावीक पातळीवर आलं की ते थांबवणारा तरंगता भाग) अडकलेला असणार, तो बाहेर काढून गरम पाण्याने धुवा. नळी हेअर ड्रायरने किंवा गरम पाण्यात भिजवलेल्या टॉवेलने, टोकाकडून आत येत सोडवा. ज्योत लावू नका, गाडीचं अँटीफ्रीझ ओतू नका, ते विष आहे. सुटल्यावर टाकीतलं जादा पाणी बादलीने काढून नेहमीच्या पातळीवर आणा, मग एकदा हाताने रिजनरेशन लावून शेवटपर्यंत उभं राहून बघा. नळाला खारट चव आली तर थंड पाण्याचा नळ ती जाईपर्यंत वाहू द्या.

भारतात जाताना: फर्नेस ५५ फॅरनहाइटच्या खाली लावू नका. बोअरच्या पंपाचा ब्रेकर बंद करा, घरातली पाण्याची मुख्य तोटी बंद करा, यंत्रं बायपासवर ठेवा. पाणी वापरलं नाही तरी ठरावीक दिवसांनी आपोआप रिजनरेशन करायची सोय बऱ्याच यंत्रांत असते, आयर्न फिल्टर तर बहुतेक दिवसांवरच चालतात. म्हणून सुट्टीची सेटिंग लावा, नसेल तर प्लग काढा. संप पंपाचा ब्रेकर मात्र चुकूनही बंद करू नका. परत आल्यावर आधी आयर्न फिल्टरचा बॅकवॉश, मग सॉफ्टनरचं रिजनरेशन, आणि मगच पाणी प्यायला घ्या. महिनाभर साचलेलं पाणी असतं ते.

टेक्सासमधल्या वाचकांसाठी थोडक्यात: तुमच्याकडे सॉफ्टनर बहुधा गॅरेजमध्ये असतो. फेब्रुवारी २०२१ सारखी थंडी आणि वीजकपात एकत्र आली, तर नुसती ड्रेनच काय, पाण्याने भरलेली फायबरग्लासची टाकीही तडकू शकते. इशारा आला की बायपास करा, टाकीतला दाब सोडा, गॅरेजचं दार बंद ठेवा, आणि ड्रेनची नळी काढून तिच्यातलं पाणी झटकून टाका.

पंप लागेल की नुसत्या उतारावर भागेल, हे दोन मोजमापांवर ठरेल. सॉफ्टनरच्या ड्रेनच्या तोंडापासून भिंतीतल्या भोकापर्यंत किती चढ आहे, आणि सेप्टिककडे जाणारा मुख्य पाइप बेसमेंटच्या जमिनीखालून जातो की वर भिंतीतून, हे टेप लावून बघा आणि कळवा. सोबत सॉफ्टनरच्या डोक्यावरचा मॉडेल नंबर लिहा, म्हणजे सील कोणते लागतील तेही सांगतो.